थायरॉईड आणि उच्च रक्तदाब : एका दुर्लक्षित नात्याची ओळख

आजच्या धावपळीच्या जीवनात काही विकारांची नावे घरोघरी परिचित झाली आहेत. अनेक मध्यमवर्गीय घरांतील औषधांच्या डब्यात रक्तदाबाची गोळी आणि थायरॉईडची गोळी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक सकाळी उपाशीपोटी घ्यायची, दुसरी न्याहारीनंतर, एवढाच त्यांच्यातील फरक कुटुंबीयांना ठाऊक असतो. परंतु या दोन विकारांचा परस्परांशी काही संबंध असू शकतो, एकामुळे दुसरा उद्भवू अथवा बळावू शकतो, ही बाब फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. रक्तदाब वाढला की कामाचा ताण, मार्चअखेरची धावपळ, शहरातील वाहतूक आणि वाढते वय यांच्यावर ठपका ठेवून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा तो ठपका सर्वस्वी अनाठायी नसतोही. तथापि काही रुग्णांच्या बाबतीत खरे कारण गळ्याच्या पुढील भागात असलेल्या एका लहानशा ग्रंथीत दडलेले असते, आणि ते वेळीच ओळखले तर उपचाराची दिशाच बदलू शकते.

बंगळूरसह आठ शहरांचे चित्र

भारतात अवटु ग्रंथीच्या म्हणजेच थायरॉईडच्या विकारांचे प्रमाण किती, याचा एक महत्त्वाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बंगळूर, मुंबई, गोवा, चेन्नई, हैदराबाद, अहमदाबाद, दिल्ली आणि कोलकाता या आठ ठिकाणच्या ५,३६० प्रौढ व्यक्तींची तपासणी त्यात करण्यात आली होती. त्यांपैकी १०.९५ टक्के व्यक्तींमध्ये थायरॉईडची न्यूनता आढळली. याहून विचार करायला लावणारी बाब अशी की, ३.४७ टक्के व्यक्तींना आपल्याला हा विकार आहे याची तपासणीपूर्वी कल्पनाच नव्हती. म्हणजे दर तीन रुग्णांपैकी जवळजवळ एक जण अनभिज्ञ होता. समुद्रकिनाऱ्यावरील शहरांपेक्षा अंतर्भागातील शहरांत हे प्रमाण काहीसे अधिक दिसून आले. बंगळूरची गणना या दुसऱ्या गटातच होते.

उच्च रक्तदाबाचे चित्र याहून व्यापक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे साधारणतः दर तीन प्रौढांमागे एक.

येथे आकडेवारीचा अर्थ लावताना थोडी सावधगिरी आवश्यक आहे. दोन्ही पाहण्या वेगवेगळ्या असल्या, तरी त्यांची प्रमाणे ढोबळमानाने एकत्र मांडली, तर दर शंभर प्रौढांमागे सुमारे चार व्यक्तींना निव्वळ योगायोगानेही हे दोन्ही विकार एकाच वेळी असू शकतात. म्हणून दोन्ही गोळ्या एकाच डब्यात आहेत, एवढ्यावरून एक विकार दुसऱ्याचे कारण ठरत नाही. कारण ठरवायचे तर थायरॉईड ग्रंथी हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर नेमके काय कार्य करते, हे समजून घ्यावे लागते.

ग्रंथीचे कार्य आणि तिचे नियंत्रण

फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला लगटून असते. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन अवघे १५ ते २० ग्रॅम भरते. आहारातून मिळणाऱ्या आयोडीनचा उपयोग करून ती टी४ आणि टी३ ही दोन संप्रेरके निर्माण करते. टी४ हा जणू साठा, तर टी३ हे प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक होय. शरीरातील बहुतेक पेशींच्या कामाची गती, उष्णतेची निर्मिती, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, त्वचा आणि केसांचे आरोग्य या साऱ्यांवर त्यांचा प्रभाव असतो.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची देखरेख असते. बँकिंगच्या परिभाषेत सांगायचे, तर बाजारात रोकड कमी पडू लागली की मध्यवर्ती बँक ती वाढविण्याचे उपाय योजते आणि रोकड अतिरिक्त झाली की हात आखडता घेते. त्याचप्रमाणे रक्तातील थायरॉईड संप्रेरके कमी झाली की पियुषिका ग्रंथी टीएसएच नावाचे प्रेरक द्रव्य अधिक प्रमाणात सोडते, आणि ती वाढली की टीएसएच कमी करते. म्हणूनच तपासणीच्या अहवालात टीएसएचचा आकडा वाढलेला असेल, तर ग्रंथीचे काम मंदावलेले असते. तो अतिशय खाली गेलेला असेल, तर बहुधा ग्रंथी अतिरेकी काम करीत असते. ‘टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड जास्त’ हा सर्वत्र आढळणारा गैरसमज यावरून दूर व्हावा. प्रौढांमध्ये हा आकडा साधारणतः ०.४ ते ४ या मर्यादेत असतो. प्रयोगशाळेनुसार, वयानुसार आणि गर्भावस्थेत या मर्यादा थोड्या बदलतात.

ग्रंथी मंदावते तेव्हा

टी३ या संप्रेरकाचे एक महत्त्वाचे कार्य म्हणजे लहान रोहिण्यांच्या भिंतींमधील स्नायू सैल ठेवणे. संप्रेरक अपुरे पडले की या रोहिण्या आकुंचित होतात आणि रक्तप्रवाहाला होणारा विरोध वाढतो. त्याच वेळी हृदयाचे ठोके मंदावतात आणि दर मिनिटाला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण घटते. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमताही कमी होत असल्याने पाणी आणि मीठ शरीरातून बाहेर टाकण्याच्या कामात शिथिलता येते.

याचा परिणाम रक्तदाबाच्या दोन आकड्यांवर वेगवेगळा होतो. वरचा आकडा हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा, तर खालचा आकडा हृदयाच्या विश्रांतीच्या वेळचा दाब दर्शवितो. थायरॉईडच्या न्यूनतेत रोहिण्यांचा विरोध वाढल्यामुळे प्रामुख्याने खालचा आकडा चढतो आणि दोन आकड्यांतील अंतर कमी होते. उदाहरणादाखल, १३६/१०० असा दाब असेल तर वजाबाकी येते केवळ ३६. अशा व्यक्तीत मिठाचे प्रमाण वाढताच रक्तदाबही चटकन वाढण्याची प्रवृत्ती आढळते.

याच्या जोडीला रक्तातील कोलेस्टेरॉलही वाढते, कारण यकृताकडून ते रक्तातून उचलले जाण्याची क्रिया मंदावते. उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल एकत्र आले की हृदयविकाराचा धोका किती वाढतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच हा विषय ‘थोडे वजन वाढणे, थोडा आळस येणे’ एवढ्यापुरता मर्यादित राहत नाही.

ग्रंथी अतिरेक करते तेव्हा

याउलट संप्रेरके प्रमाणाबाहेर वाढली, तर रोहिण्या सैलावतात. वरकरणी पाहता त्यामुळे रक्तदाब कमी व्हायला हवा, आणि खालचा आकडा खरोखरच अनेकदा कमी होतो. परंतु शरीर या सैलपणाची भरपाई करू पाहते. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्ताचे आकारमान वाढते आणि हृदय वेगाने व जोराने धडधडू लागते. विश्रांतीच्या अवस्थेत निरोगी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते. थायरॉईडच्या अतिरेकात हे प्रमाण ७ लिटरच्या वर जाऊ शकते. परिणामी वरचा आकडा वाढतो आणि दोन आकड्यांतील अंतर रुंदावते. १६०/७० असा दाब असेल तर वजाबाकी ९० येते.

या अवस्थेतील मोठा धोका म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर होऊन रक्ताच्या गुठळ्या तयार होण्याची शक्यता निर्माण होते आणि अशी एखादी गुठळी मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होऊ शकतो. ज्येष्ठ नागरिकांमध्ये थायरॉईडच्या अतिरेकाची नेहमीची लक्षणे, म्हणजे घाम येणे, हात थरथरणे, अस्वस्थता ही कित्येकदा दिसतही नाहीत. केवळ अनियमित नाडी आणि उतरत चाललेले वजन एवढाच सुगावा असतो.

येथे हेही नमूद केले पाहिजे की, वयोमानानुसार मोठ्या रोहिण्या कडक झाल्यामुळेही दोन आकड्यांतील अंतर वाढते. त्यामुळे केवळ वजाबाकीवरून घरच्या घरी निदान करू नये. ती वजाबाकी हा डॉक्टरांना विचारण्याच्या प्रश्नाचा आधार आहे, उत्तर नव्हे.

संबंध कितपत दृढ?

उच्च रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, मीठ, स्थूलता, व्यायामाचा अभाव अशा अनेक घटकांचा तो एकत्रित परिपाक असतो. थोड्या रुग्णांत मात्र मूत्रपिंडाचे विकार, निरनिराळ्या ग्रंथींचे विकार, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार अथवा काही औषधे असे निश्चित कारण आढळते. थायरॉईड हे त्यांपैकीच एक.

१९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात उच्च रक्तदाबासाठी आलेल्या ६८८ रुग्णांची क्रमाने तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २५ जणांत, म्हणजे ३.६ टक्के रुग्णांत, थायरॉईडची न्यूनता आढळली. संप्रेरकाची उणीव भरून काढल्यावर काही रुग्णांचा खालचा दाब मर्यादेत आला, परंतु सर्वांचा नव्हे. ज्यांच्या रोहिण्या दीर्घकाळच्या दाबाने अगोदरच कडक झालेल्या असतात, त्यांच्यात थायरॉईड पूर्ववत होऊनही रक्तदाबाची औषधे चालू ठेवावी लागतात.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ असा : शंभर रक्तदाब रुग्णांपैकी बहुतेकांच्या बाबतीत थायरॉईड निर्दोष असेल. परंतु ज्या तिघाचौघांच्या बाबतीत तो सदोष असेल, त्यांना एका साध्या रक्ततपासणीने मोठा लाभ होऊ शकतो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत उच्च रक्तदाबाचे नव्याने निदान झालेल्या रुग्णाच्या मूलभूत तपासण्यांमध्ये टीएसएचचा समावेश केला, तो याच विचाराने.

कोणी अधिक दक्ष राहावे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचेचाळीस वर्षांच्या एका गृहिणीचा रक्तदाब १४४/१०२ निघतो. औषध सुरू होते, मात्रा वाढते, दुसरी गोळी जोडली जाते, तरीही खालचा आकडा खाली येत नाही. दरम्यान त्यांना थंडी अधिक वाजू लागली आहे, बद्धकोष्ठ जडले आहे, केस गळत आहेत, आवाज घोगरा झाला आहे. कोलेस्टेरॉलही वाढलेले आहे. यांतील प्रत्येक तक्रारीला वेगवेगळे स्पष्टीकरण सहज मिळते. बंगळूरची हवाच गार, पाण्यामुळे केस गळतात, वय झाले की असे होतेच. या सर्व तक्रारी एका ओळीत मांडून पाहिल्या, की मगच थायरॉईडची शंका येते. रुग्ण एकेका तक्रारीसाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जात असेल, तर ही ओळ कोणाच्याच नजरेस पडत नाही.

पुढील परिस्थितीत थायरॉईडच्या तपासणीबाबत डॉक्टरांशी अवश्य चर्चा करावी :

- दोन-तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणे.
- प्रामुख्याने खालचा आकडा वाढलेला असून नाडी मंद असणे, अथवा वरचा आकडा वाढलेला असून नाडी जलद किंवा अनियमित असणे.
- कारणाविना वजन वाढणे किंवा घटणे, थंडी अथवा उष्णता सहन न होणे.
- कोलेस्टेरॉल अचानक वाढणे.
- गळ्यावर सूज किंवा गाठ दिसणे, कुटुंबात थायरॉईडचा विकार असणे.
- हृदयाच्या लयीसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन किंवा मानसिक आजारासाठी दिले जाणारे लिथियम यांसारखी औषधे चालू असणे.

गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. थायरॉईडच्या अनियंत्रित विकाराचा संबंध गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाशी आढळला आहे, आणि गर्भाच्या मेंदूची वाढ प्रारंभीच्या काळात मातेच्या संप्रेरकांवरच अवलंबून असते.

उपचारातील बारकावे

थायरॉईडच्या न्यूनतेवरील उपचाराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका रुग्णेवर यशस्वी उपचार केले. पुढे १९१४ साली एडवर्ड केंडॉल यांनी हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आज लिव्होथायरॉक्सिन या नावाने मिळणारी गोळी म्हणजे तेच टी४ संप्रेरक होय. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे.

ही गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास काहीही खाऊ-पिऊ नये. बंगळूरकरांसाठी यातील अवघड भाग म्हणजे सकाळची फिल्टर कॉफी. गोळीबरोबर किंवा तिच्यापाठोपाठ घेतलेली कॉफी औषधाचे शोषण कमी करते. कॉफी सोडण्याची आवश्यकता नाही, तिला तासभर थांबविणे पुरेसे आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये मात्र चार तासांचे अंतर राखावे. औषधाची मात्रा बदलल्यानंतर टीएसएचची फेरतपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात, कारण त्याआधी आकडा स्थिरावत नाही. केस व नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते तपासणीपूर्वी सांगावे, कारण त्यामुळे अहवालात फसवे आकडे येऊ शकतात.

ज्येष्ठ नागरिक आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना ही गोळी अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवितात. एकदम मोठी मात्रा दिल्यास मंद चालीला सरावलेल्या हृदयावर अकस्मात ताण येतो. वजन घटविण्याच्या हेतूने ही गोळी मनाने घेणे अथवा मात्रा वाढविणे तर सर्वथा अयोग्य होय. त्यातून थायरॉईडच्या अतिरेकाचेच सारे धोके ओढवतात. त्याचप्रमाणे थायरॉईडचे निदान झाले म्हणून रक्तदाबाचे औषध परस्पर बंद करणेही धोक्याचे आहे. उपचाराने रक्तदाब उतरू लागला, तर मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरच घेतील. त्यासाठी घरी नोंदविलेले आकडे त्यांच्या हाती असणे उपयुक्त ठरते.

मीठ : एक हिशेब

उच्च रक्तदाब असेल तर मीठ कमी करा, असे सांगितले जाते. थायरॉईडसाठी आयोडीन हवे आणि ते तर मिठातूनच मिळते. मग या दोन सल्ल्यांचा मेळ कसा घालायचा? हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ घ्यावे. भारतीय मानकानुसार आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना प्रत्येक ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे लागते आणि उत्पादनाच्या वेळी ३०. म्हणजे ५ ग्रॅम मिठातून ७५ ते १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते. प्रौढांची दैनंदिन गरज १५० मायक्रोग्रॅमची आहे. उरलेली तूट दूध, दही, अंडी आणि मासे यांतून भरून निघू शकते. तात्पर्य, मीठ कमी करावे, पण जे घ्यावे ते आयोडीनयुक्तच घ्यावे.

याच कारणासाठी रोजच्या स्वयंपाकात केवळ सैंधव वापरण्याची अलीकडची पद्धत विचारपूर्वक तपासली पाहिजे. उपवासापुरते ते ठीक, परंतु साध्या सैंधवात आयोडीनची खात्री नसते, आणि रक्तदाब वाढविणारे सोडियम मात्र त्यातही असतेच. आपल्या देशाने १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. त्यातून मिळविलेले यश स्वयंपाकघरातील एका फॅशनपायी गमावणे परवडणारे नाही. पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे’ मीठही मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

दोन छोट्या नोंदी

हे सारे अमलात आणण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. बंगळूर शहरात सुरू झालेल्या ‘नम्म क्लिनिक’सारख्या शासकीय केंद्रांत रक्तदाब मोजून घेता येतो. महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ती सोय आहे. टीएसएच ही रक्ताची एक साधी चाचणी असून ती लहान-मोठ्या बहुतेक प्रयोगशाळांतून होते. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा-कॉफी वा धूम्रपान टाळावे आणि एकाच मोजणीवर निष्कर्ष काढू नये. प्रत्येक वेळी वरचा आकडा, खालचा आकडा आणि नाडीचे ठोके हे तिन्ही लिहून ठेवावेत. टीएसएचचे अहवाल तारखेनुसार त्याच वहीत लावावेत.

खात्याच्या पासबुकात एखादी नोंद जुळली नाही, तर जागरूक खातेदार दुसऱ्याच दिवशी शाखेत येऊन चौकशी करतो. रक्तदाबाच्या वहीतील न जुळणाऱ्या नोंदींकडे मात्र वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. औषधे घेऊनही न उतरणारा खालचा आकडा, कारणाविना जलद झालेली नाडी, अचानक चढलेले कोलेस्टेरॉल या अशाच नोंदी होत. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांसमोर ठेवावी आणि ‘थायरॉईड तपासून पाहायचे का?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.